‘गेम खेळण्यास सक्त मनाई’

खारदांड्याच्या ज्या कम्प्युटर क्लासमध्ये मी 1990च्या दशकात बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचे, तिथे चपला बाहेर, एसी आत आणि भिंतीवर वरच्या शीर्षकाची पाटी. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की कोळीवाड्यातली पोरं वर्गात. नारळी पौर्णिमा झाली की निम्म्या खुर्च्या रिकाम्या. फ्लोचार्टसाठी कोण परत येणार?

परत आणलं ते माकडांनी. 1991 साली मायक्रोसॉफ्टने डॉस 5 सोबत क्यूबेसिक दिलं आणि त्यात गोरिला नावाचा खेळ. इमारतींच्या गच्च्यांवर दोन गोरिला. कोन आणि वेग टाइप केला की केळं सुटायचं. सुरुवातीला गुरुत्वाकर्षणही विचारायचा, पृथ्वीचं 9.8 हे सांगून. एका पोराने तिथे 2 टाकलं. केळं पडद्याबाहेर! “मॅडम, हे गेलं कुठं?” चंद्रावर 1.6 असतं, एवढंच मी सांगितलं. त्या दिवशी फळ्याला खडू लावावा लागला नाही.

खरी गंमत पुढेच. हा खेळ बेसिकमध्येच लिहिलेला, सगळा प्रोग्राम उघडा. पोरं सुरुवातीच्या पडद्यावरचं नाव पुसून आपलं टाकत, रंगांचे आकडे बदलत, एफ5 दाबत. भलतीच ओळ उडाली की खेळ अडायचा. मग तीच पोरं, जी पुस्तकातला प्रोग्राम उतरवताना जांभया देत, ओळ न् ओळ वाचायची. मालक आले की पडद्यावर नुसता कोड. त्यांना वाटायचं, काय अभ्यास चाललाय!

खेळता खेळता प्रोग्रामिंग शिकण्याची कल्पना आमची नव्हे. सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन, वॉली फॉयरझाइग यांनी 1967 साली अमेरिकेत मुलांसाठी लोगो भाषा केली, तिच्यातलं, हुकमाप्रमाणे रेषा काढणारं कासव पुढे आपल्या शाळांतही आलं. पण आपण त्या कासवालाही परीक्षेला बसवलं : चौकोनाचा प्रोग्राम पाठ करा, पाच मार्क.

2007 साली एमआयटीचं, ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं स्क्रॅच आलं. त्याच सुमारास पवईच्या आयआयटीत शाळांसाठी ‘कम्प्युटर मस्ती’ हा गोष्टी-कोड्यांचा अभ्यासक्रम तयार झाला. दोन्ही मला आवडतात. स्क्रॅच जरा जास्तच, कारण तिथे दुसऱ्याचा खेळ उघडून आतले ठोकळे हलवता येतात. नुसते तारे आणि बिल्ले वाटणाऱ्या हल्लीच्या अॅपांचं मात्र माझ्या भाच्यालाही काही वाटत नाही. तो तारे जमवतो आणि धडा न वाचता पुढे जातो.