सॉसेजचे सोवळे

नावावर जाऊ नये, ही गोष्ट आपल्याला स्वयंपाकघराइतकी दुसऱ्या कोणी शिकवलेली नाही. डाळिंबीच्या उसळीत डाळिंब नसते. गुलाबजामात जांभूळ नसते. साहेबाने ज्याला 'बाँबे डक' म्हणून मिटक्या मारीत खाल्ले, ते बदक नसून साक्षात आपला सुका बोंबील होता. बंगाली माणसाने तर कच्च्या फणसाला 'गाछपाठा', म्हणजे झाडावरचा बोकड, करून टाकले आणि सोमवारीसुद्धा बोकड खाण्याची सोय करून ठेवली. यातल्या एकाही नावावरून कोणी कोर्टकचेरी केल्याचे ऐकिवात नाही. पानात पडलेले गोड लागले की माणूस त्याचा जन्मदाखला मागत नाही.

युरोपात मात्र गेली शंभर वर्षे एक भांडण चालू आहे. ज्यात मांस नाही, त्याला सॉसेज म्हणावे की म्हणू नये? आणि सॉसेज म्हणायचे नसेल, तर ते लांबट पावात घालून, वर मोहरीची पिवळी चटणी ओढून जो 'हॉट डॉग' तयार होतो, त्याला तरी काय म्हणावे? तुम्ही म्हणाल, ज्या पदार्थाच्या नावातच कुत्रा आहे, त्याच्या शुद्धतेची एवढी काळजी कशाला? माझेही नेमके तेच म्हणणे आहे.

मुळात या सॉसेजला गाव कोणते, तेच अजून ठरलेले नाही. व्हिएन्नाचे लोक त्याला 'फ्रँकफुर्टर' म्हणतात. जर्मनीत बहुतेक ठिकाणी त्यालाच 'वीनर', म्हणजे व्हिएन्नाचे, म्हणतात. फ्रँकफर्टने 1987 साली आपल्या सॉसेजचा पाचशेवा वाढदिवस साजरा केला. त्यावर व्हिएन्नाचे म्हणणे असे, की योहान गेओर्ग लाहनर नावाचा खाटीक फ्रँकफर्टला धंदा शिकला खरा, पण 1805 साली हा माल त्याने विकला तो आमच्या गावात. श्रेय घ्यायचे तर दोघांनाही हवे, पण नाव मात्र एकमेकांच्या गावाचे! बारशालाच एवढा घोळ असलेले मूल पुढे अमेरिकेला गेले.

तिथे ते न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर वाढले. चार्ल्स फेल्टमन नावाचा जर्मन बेकरीवाला तिथे पावात घालून सॉसेज विकू लागला आणि गब्बर झाला. त्याच्याकडे पाव चिरण्याचे काम केलेल्या नेथन हँडवर्करने 1916 साली स्वतःची गाडी टाकली. फेल्टमनचा भाव 10 सेंट, याने 5 लावला. आता निम्म्या भावात मिळते म्हटल्यावर गिऱ्हाइकाला आनंद होण्याऐवजी संशय आला. मनुष्यस्वभाव सगळीकडे सारखाच. तेव्हा नेथनने म्हणे काही मंडळींना डॉक्टरसारखे पांढरे डगले घालून आपल्या गाडीसमोर खायला उभे केले. डॉक्टर खातात म्हणजे खायला हरकत नसावी!

संशय अगदीच हवेतला नव्हता. सॉसेजच्या आत नेमके काय भरलेले असते, हा प्रश्न अमेरिकेत जुनाच होता. 1895 च्या सुमारास येल विद्यापीठातले विद्यार्थी वसतिगृहाबाहेर उभ्या राहणाऱ्या सॉसेजच्या गाड्यांना 'डॉग वॅगन' म्हणू लागले आणि 'हॉट डॉग' हा शब्द त्याच टवाळीतून रूढ झाला. याची एक सोज्वळ कथाही सांगतात, की एका व्यंगचित्रकाराला 'डॅक्सहुंड' या लांबुडक्या कुत्र्याचे स्पेलिंग येईना, म्हणून त्याने नुसतेच 'हॉट डॉग' लिहिले. कथा छान आहे. फक्त ते चित्र आजवर कोणाला सापडलेले नाही. 1906 साली अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही कादंबरी आली, शिकागोच्या मांसाच्या कारखान्यांत काय काय चालते ते लोकांनी वाचले, आणि त्याच वर्षी अमेरिकन सरकारला मांस तपासणीचा कायदा करावा लागला. 1913 मध्ये तर कोनी आयलंडच्या व्यापारी मंडळाने पाट्यांवर 'हॉट डॉग' लिहायलाच बंदी घातली, कारण लोक शब्दाचा अर्थ शब्दशः घेतील अशी त्यांना धास्ती!

थोडक्यात, ज्या पदार्थात कोणते मांस आहे हे खाणाऱ्याला ठाऊक नव्हते, त्या पदार्थाचे नाव पुढे मांसाच्या पावित्र्यासाठी राखून ठेवण्याची वेळ आली. सोवळे नेसायचे, पण ते कोणी, याला काही धरबंध?

बिनमांसाच्या मांसाचा उद्योगही तसा जुना. मिशिगनमधल्या बॅटल क्रीक या गावी डॉ. जॉन हार्वे केलॉग आपले आरोग्यधाम चालवीत. हेच ते कॉर्नफ्लेक्सवाले केलॉग. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे ते आरोग्यधाम, आणि त्या पंथात शाकाहाराचा मोठा आग्रह. पुण्याचे स्पायसर कॉलेज याच पंथाचे. केलॉगसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेंगदाण्यापासून 'नटोज' आणि मग त्यात गव्हाचे सत्त्व घालून 'प्रोटोज' असे डबाबंद पदार्थ काढले. हे पदार्थ कापून, तळून मांसाऐवजी खायचे. पुढे याच पंथाच्या माणसांनी डब्यातली बिनमांसाची सॉसेजेसही बाजारात आणली. पण हा झाला श्रद्धेचा शाकाहार. श्रद्धावंत माणूस नावावरून भांडत नाही, तो प्रार्थना म्हणतो आणि खातो. भांडण सुरू झाले ते भुकेमुळे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराने जर्मनीची समुद्रावरची रसद तोडली. त्यात 1916 साली बटाट्याचे पीक बुडाले. 1916-17 चा हिवाळा जर्मन लोक अजून 'सलगमाचा हिवाळा' म्हणून ओळखतात. एरवी गुरांना घालायचे ते सलगमाच्या जातीचे कंद माणसे सकाळ-दुपार-संध्याकाळ खात होती. त्या युद्धाच्या वर्षांत उपासमारीने आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या रोगांनी लाखो माणसे गेली.

कोलोन शहराच्या धान्यपुरवठ्याची जबाबदारी तेव्हा कोन्राड आडेनाउअर नावाच्या नगरपालिकेतल्या अधिकाऱ्यावर होती. 1917 मध्ये तो महापौरही झाला. गव्हाचे पीठ संपले, तेव्हा त्याने तांदूळ, बार्ली आणि रुमानियातून येणारा मका यांचे पीठ मिसळून 'कोलोनचा पाव' काढला. लोकांनी त्याचे आडनावच बदलून 'ग्राउपनाउअर' केले. ग्राउपन म्हणजे बार्लीच्या कण्या! पुढे 1916 च्या ऑगस्टमध्ये रुमानिया शत्रूला मिळाला आणि मका बंद झाला. मग या गृहस्थाने सॉसेजकडे मोर्चा वळवला. मांसाची जागा सोयाबीनच्या पिठाने भरून काढायची, अशी ती युक्ती. नाव ठेवले 'फ्रीडन्सवुर्स्ट', म्हणजे शांततेचे सॉसेज. ऐन लढाईत!

त्याने रीतसर जर्मन पेटंट कचेरीकडे अर्ज केला. अर्ज नामंजूर. कारण काय, तर जर्मन नियमांनुसार सॉसेज म्हणजे मांस. ज्यात मांस नाही ते सॉसेज नाही. सबब, सॉसेजचे पेटंट देता येत नाही.

हा निकाल देणाऱ्या कारकुनाला मी चांगला ओळखतो. म्हणजे नावाने नव्हे, जातकुळीने. बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षे काढल्यावर असा माणूस दुरूनही ओळखू येतो. दर नोव्हेंबरात आमच्याकडे पेन्शनर येतात. चांगले चालत येतात, पायऱ्यांना नावे ठेवतात, पंख्याखालची खुर्ची पकडतात. आणि आम्ही त्यांना विचारतो, "काका, हयातीचा दाखला?" समोर जिवंत उभा असलेला माणूस कागदाशिवाय जिवंत धरता येत नाही, तर मग मांसाशिवाय सॉसेज कसे धरणार? बाहेर रांगेत माणसे सलगम खाऊन उभी असतील. पण नियमात 'भूक' असा रकानाच नसतो, त्याला कारकुनाने काय करावे?

गंमत पुढेच आहे. जर्मनीने नाकारलेले हे पेटंट 26 जून 1918 रोजी मंजूर झाले, आणि ते कुठे? इंग्लंडात! राजे पाचवे जॉर्ज यांच्या राज्यात. म्हणजे ज्यांच्या आरमाराने कोलोनचे धान्य अडवले होते, त्यांच्याच कचेरीने कोलोनच्या सॉसेजवर शिक्का मारला. युद्ध त्यानंतर साडेचार महिन्यांनी थांबले. या राजेसाहेबांचे चिरंजीव सहावे जॉर्ज 11 जून 1939 रोजी अमेरिकेत रूझवेल्ट यांच्याकडे सहलीला गेले, तेव्हा त्यांना हॉट डॉग खिलवण्यात आला. तो मात्र मांसाचा होता. बापाने एकाला मान्यता द्यावी आणि मुलाने दुसरेच खावे, हे राजघराण्यातही चालते म्हणायचे.

आडेनाउअरला 1933 साली नाझींनी महापौरपदावरून काढले. 1949 मध्ये, वयाच्या 73 व्या वर्षी, तो पश्चिम जर्मनीचा पहिला चॅन्सेलर झाला आणि 14 वर्षे राहिला. उद्ध्वस्त देश त्याने उभा केला. पण मला तो आवडतो तो सॉसेजसाठी. मोजे रफू करताना आतून उजेड देणारे अंडेही त्याच्या नावावर सांगतात. घरातले मोजे आणि पानातले सॉसेज यांची काळजी करणारा राज्यकर्ता सहजासहजी मिळत नाही.

'व्हीगन' हा शब्द आला 1944 साली. इंग्लंडमध्ये डोनल्ड वॉटसन आणि त्याच्या मित्रांनी 'व्हेजिटेरियन'चे डोके आणि शेपूट तेवढे ठेवले, मधले पोट काढून टाकले. हे शाकाहाराच्याही पलीकडचे सोवळे. दूध नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. आमच्या श्रीखंडालाही त्या पंगतीत पाट मिळायचा नाही. 1985 साली अमेरिकेत 'टोफू पप्स' आले, आणि त्याच वर्षी कॅनडात ईव्ह पोत्वँ या आचाऱ्याने टोफूची सॉसेजे बनवण्याचा धंदा काढला. 2018 मध्ये खाटा-कपाटे विकणाऱ्या आयकिया कंपनीने युरोपातल्या आपल्या दुकानांत भाज्यांचा हॉट डॉग ठेवला. कपाट जोडता जोडता दमलेल्या माणसाला आत काय आहे हे विचारण्याचे त्राण नसते.

दुकानातल्या पाकिटावर आत काय आहे ते छापलेले असते, पण आमच्या बँकेच्या अटी ज्या टायपात छापतात त्याच टायपात. सोयाबीनचे किंवा वाटाण्याचे प्रथिन, गव्हाचे सत्त्व, तेल, स्टार्च, धुराचा वास, आणि मीठ. मीठ पुष्कळदा मांसाच्या भावंडाइतकेच! काहींत अंड्याचा पांढरा बलक असतो. म्हणजे पाकीट शाकाहारी, पण व्हीगन नव्हे. वाचून घ्यावे.

घरी करायचा झाला तर दोन मार्ग. पहिला सोपा. सॉसेजच्या मापाचे गाजर सोलून मऊ शिजवायचे, सोया सॉस, व्हिनेगर, लसूण, तिखट यांत रात्रभर मुरवायचे, तव्यावर भाजायचे आणि पावात घालायचे. गाजराची पुंगी आपल्याला ठाऊक आहेच. इथे ती वाजवायची भानगड नाही, थेट खायचीच.

दुसरा मार्ग कष्टाचा. कणीक घट्ट मळून पाण्याखाली धूत बसायचे. पांढरा चीक वाहून जातो आणि हातात रबरासारखा गोळा उरतो. तो मसाला घालून, वळकटी करून, गुंडाळून वाफवायचा. चीनमधल्या बौद्ध मठांत हा प्रकार शतकानुशतके चालत आला आहे. जपानी मंडळींनी त्याला 'सेतान' हे नाव अलीकडे, 1960 च्या दशकात दिले. आता बघा, आमच्या घरी उन्हाळ्यात कुरडया होत, तेव्हा गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक तेवढा ठेवत आणि उरलेला चिवट चोथा गुरांपुढे जाई. म्हणजे कुरडईवाल्याने टाकले ते सेतानवाल्याने खाल्ले आणि सेतानवाल्याने सांडले ते आपण तळले. दोघे शेजारी राहिले असते तर एका गव्हात दोन घरे जेवली असती.

भांडण मात्र मिटलेले नाही. 2020 च्या ऑक्टोबरात युरोपियन पार्लमेंटपुढे प्रस्ताव आला, की सॉसेज, बर्गर हे शब्द मांसासाठीच राखावेत. तो फेटाळला गेला. 2024 च्या ऑक्टोबरात लक्झेंबर्गच्या न्यायालयाने फ्रान्सला सांगितले, की तुम्हाला अशी सरसकट बंदी घालता येणार नाही. आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी त्याच पार्लमेंटने तेच शब्द राखून ठेवण्याच्या बाजूने मतदान केले. ऑक्टोबर महिन्याचा सॉसेजशी काय संबंध आहे कोण जाणे. तिकडे गिऱ्हाइकाची फसवणूक होते म्हणतात. पाकिटावर ठळक 'सोयाबीनचे' लिहिलेले वाचूनही जो फसेल, त्याने बाँबे डकला पंख शोधले नाहीत म्हणजे मिळवली.

गिऱ्हाईक फसू नये, हे मलाही मान्य आहे. काय घातले आहे ते ठसठशीत छापा, अक्षरे मोठी करा. पण नाव हे बहुतेक वेळा आकाराला आणि सवयीला पडलेले असते, आणि नव्या, अनोळखी घासाला माणूस तोंड उघडतो तो ओळखीच्या नावामुळेच. आडेनाउअरला हे कळले होते. 'सोयाबीनच्या पिठाची उकडलेली नळी' म्हणून त्याने अर्ज केला असता तर पेटंट कदाचित हातोहात मिळाले असते. कोलोनमध्ये ती खायला मात्र कोणी आले नसते. सलगम खाऊन कंटाळलेल्या बाईला घरी जाऊन पोरांना सांगायचे होते, की आज सॉसेज आहे. एवढ्या एका वाक्यासाठी त्याला तो शब्द हवा होता. आणि कचेरीत तो शब्द आधीच मांसाच्या खात्यावर जमा होता.