पायातलं पायताण आणि ताटातलं मटण

कळंब्याला आमच्याकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांचे दोनच प्रश्न असतात. चप्पल कुठे घ्यायची आणि मटण कुठे खायचं? अंबाबाईचं दर्शन, रंकाळा, फार तर पन्हाळा, हे सगळं या दोन कामांच्या मधल्या वेळात उरकायचं असतं. पूर्वी मला याचं हसू यायचं. मग पत्नीला घेऊन स्पेनची सहल केली आणि लक्षात आलं, की आम्हीही तिथं तेच केलं. कोर्दोबात चामड्याचं पाकीट घेतलं, ग्रानादात नक्षीकामाची लाकडी पेटी घेतली आणि उरलेला वेळ आपल्याला चालेल असं जेवण शोधण्यात गेला.

ग्रानादाच्या कॅथेड्रलला लागून अल्काइसेरिया नावाच्या अरुंद गल्ल्या आहेत. मुस्लिम सुलतानांच्या काळात इथं रेशमाचा बाजार होता. 1843 च्या आगीत तो जळाला. नंतर पुन्हा बांधला तो लहान, आणि आता तिथं पर्यटकांसाठी पेट्या, दिवे, ओढण्या, थाळ्या मिळतात. कमानी मात्र मुद्दाम जुन्या धाटणीच्या केल्या आहेत. आम्ही घेतलेल्या पेटीवरच्या कामाला ‘तारासेया’ म्हणतात. शब्द अरबी मुळाचा. लाकूड, हाड, शिंपल्याचे बारीक तुकडे बसवून केलेली नक्षी. हे काम करणारे मूळ कारागीर कोण होते, ते कुठे गेले, हे दुकानात कुणी सांगत नाही. आम्हीही किंमत कमी करून घेण्याच्या नादात विचारलं नाही, हे कबूल करतो.

जेवणाची गोष्ट वेगळी. तिथल्या खाणावळींत छताला डुकराच्या मांड्या टांगलेल्या असतात, मिठात मुरवून वाळवलेल्या. त्याला ‘खामोन’ म्हणतात. आपल्याला चालत नाही, एवढ्यावर विषय संपला असता. पण सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये तो असा संपत नव्हता.

2 जानेवारी 1492 ला ग्रानादा शरण आलं. तहात मुसलमानांना त्यांचा धर्म, मशिदी, रीतिरिवाज राखण्याचं वचन होतं. दहा वर्षांच्या आत ते मोडलं. धर्मांतर करा किंवा देश सोडा, असा हुकूम निघाला. जे राहिले त्यांना ‘मोरिस्को’ म्हटलं गेलं. त्यांचा बाप्तिस्मा झाला, नावं बदलली, तरी संशय गेला नाही, आणि त्या संशयाचा शोध सुरू झाला स्वयंपाकघरातून. जनावर कोण कापतो, कसं कापतो यावर बंधनं आली. शेजारी धर्मन्यायालयात जाऊन सांगत, की अमक्याच्या घरी चरबीऐवजी तेलात शिजवतात, तमकी बाई डुकराचं मांस टाळते. फोडणीचं तेल हा पुरावा होता! अखेर 1609 ते 1614 या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर काढलं. गंमत अशी, की आज स्पेनभर तेलातच शिजवतात. साखरेला ‘असूकार’ म्हणतात, तांदळाला ‘अर्रोस’, मटणाच्या गोळ्यांना ‘अल्बोंदिगास’, आणि हे तिन्ही शब्द अरबीतून आलेले. माणसं गेली, पदार्थ राहिले.

हे सगळं डोक्यात घेऊन मी कोल्हापूरला परतलो आणि आमचा मटणाचा रस्सा मला नव्याने दिसायला लागला.

माझे आजोबा करवीर तालुक्यातल्या एका गावचे मुलाणी होते. नव्या पिढीला हे आडनाव वाटतं. ते मुळात गावगाड्यातलं काम आहे. मशिदीत दिवाबत्ती, पीराची देखभाल, निकाह लावणं आणि गावचं बकरं कापणं. त्यासाठी मुलाणकीची इनाम जमीन असायची, सुगीला बलुतं मिळायचं आणि कापलेल्या बकऱ्याचा ठरलेला वाटा. साताऱ्यात राहिलेला ग्रँट डफ याने 1826 साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात मुलाण्याची नोंद केली आहे. देवळापुढचं, शेतातलं बकरं मुलाणी कापतो आणि त्याने नियत म्हटल्याखेरीज मराठे सहसा मटण खात नाहीत, असं तो सांगतो. म्हणजे देवी हिंदूंची, नवस पाटलाचा, आणि सुरी मुलाण्याची. आजोबांना कुणी हे ऐक्य वगैरे आहे असं सांगितलं असतं, तर त्यांना काही कळलं नसतं. त्यांच्या लेखी ते काम होतं आणि ते वेळेवर व्हायला हवं होतं, कारण आषाढातल्या जत्रेला एका सकाळी वीस घरची बोलावणी असायची.

ही व्यवस्था गोड होती असं मी म्हणत नाही. ज्या गावगाड्यात मुलाण्याला वाटा होता, त्याच गावगाड्यात महाराच्या हातचं पाणी चालत नव्हतं. कोल्हापुरात बाहेर जाऊन खाण्या-पिण्याचा इतिहास लिहायचा, तर तो मटणाच्या खानावळीपासून सुरू करणं खोटं ठरेल. तो गंगाराम कांबळेंच्या चहापासून सुरू करावा लागतो. राजवाड्याच्या चाकरीत असलेल्या गंगारामांना मराठ्यांच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभं राहिलं. सुरुवातीला गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज तिथं गाडी थांबवून चहा मागवायचे, आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही तो प्यावा लागायचा. छत्रपतींनी घेतलेला कप नाकारणार कोण? आमचं मुस्लिम बोर्डिंग ज्यांच्या आश्रयाने 1906 साली उभं राहिलं, तेच हे महाराज.

आता पायताणाकडे वळतो. कोल्हापुरात चपलेला आजही पायताण म्हणतात. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते एकट्या कोल्हापूरला नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. कापशी हा प्रकार तर गावाच्याच नावाने ओळखला जातो. चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात आठवडे न् आठवडे मुरवायचं, हे परंपरेने ढोर समाजाचं काम. कापणं, शिवणं चर्मकारांचं. वेणी घालणं बहुतेक घरातल्या बायकांचं. शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा नाही. आणि या सगळ्याच्या आधी कातडं यायचं ते खाटकाच्या दारातून, त्याच्या व्यापारात आमची बरीच माणसं होती.

कोर्दोबाचं असंच झालं होतं. तिथलं चामडं युरोपात इतकं नावाजलेलं, की फ्रेंचांनी चांभाराला ‘कोर्दोनिए’ आणि इंग्रजांनी ‘कॉर्डवेनर’ म्हटलं. लंडनमध्ये त्या नावाचा संघ अजून आहे. कातडी कमावणाऱ्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. जून 2025 मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने आपल्या पायताणासारखीच चप्पल दाखवली, वर्णन केलं नुसतं ‘चामड्याची सँडल’, तेव्हा कोल्हापूर पेटून उठलं. योग्यच झालं. कंपनीला मूळ मान्य करावं लागलं. पण त्या आठवड्यात टीव्हीवर बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी ढोर गल्लीत पाय ठेवला होता? 2015 च्या कायद्याने राज्यात बैलाची कत्तल बंद झाली आणि बैलाच्या चामड्याची वाट आटली. म्हशीला बंदी नाही, पण रात्री गाडी अडवणारे लोक म्हैस की बैल हे आधी बघत नाहीत. कातड्याच्या धंद्यातली माझ्या नात्यातली दोन घरं आता मोबाईल दुरुस्ती आणि रिक्षावर आहेत.

त्याच 2025 सालच्या मार्चमध्ये राज्यात झटका मटणाच्या हिंदू दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र जाहीर झालं. कुणाला झटका खायचं असेल तर जरूर खावं, ज्याच्या त्याच्या आवडीचा आणि श्रद्धेचा प्रश्न आहे. मला त्रास झाला तो मल्हाराच्या नावाचा. ज्या देवांपुढच्या बकऱ्यावर मुलाण्याने नियत म्हणायची रीत होती, त्यांच्यातल्याच एकाचं नाव मुलाण्याला बाजूला काढायला वापरलं जातंय. ग्रानादात लोकांची ओळख फोडणीच्या तेलावरून ठरवली, तिथवर आपण गेलेलो नाही. पण पाहुण्यांच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर पडली आहे.

परवा पुण्याहून मुलीच्या ऑफिसातले चौघं आले होते. पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी संपवून एकाने हळूच विचारलं, “काका, हे झटका की हलाल?”

मी म्हटलं, “वाट्या मोजल्यात, आता विचारून काय करणार?” सगळे हसले, तोही हसला. मग त्याला आजोबांची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि म्हणाला, आमच्या सासवडकडच्या गावातही मुलाणी आहेत, पण ते असं काही करत होते हे माहीत नव्हतं.

दुपारी सगळ्यांना चप्पल लाइनला घेऊन गेलो. आता काही जोडांवर क्यूआर कोड असतो, फोन धरला की कारागिराचं नाव आणि गाव कळतं. त्या पोराने चार दुकानांत तो असलेला जोड मागितला. त्याच्या मापाचा मिळाला नाही, म्हणून बिनकोडाचीच कापशी घेतली, आणि दुकानदाराला विचारलं, कुणी बनवली? दुकानदाराने नाव सांगितलं. चामडं कुणाकडचं, हे विचारल्यावर मात्र तो म्हणाला, “ते आता चेन्नईहून येतं, साहेब.”