प्रवेशअर्जावरचा फोटो

विज्ञानकथा वाचणाऱ्यांना आयझॅक असिमॉव्ह हे नाव नवं नाही. १९३५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी शालेय शिक्षण संपवून तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मुलाखतीला गेला. वडिलांचं ब्रुकलिनमध्ये गोळ्या-चॉकलेटांचं दुकान. मुलाखत घेणाऱ्याने त्याला सुचवलं, की मुख्य कॉलेजाऐवजी तू ब्रुकलिनच्या सेथ लो ज्युनियर कॉलेजात जा. ही शाखा विद्यापीठानेच १९२८ मध्ये काढलेली होती. तिथले बहुतेक विद्यार्थी ज्यू होते आणि त्यांच्या खालोखाल इटालियन. त्याच वर्षी रिचर्ड फाइनमननेही कोलंबियात अर्ज केला होता. ज्यूंच्या कोट्यामुळे त्याला जागा मिळाली नाही आणि तो एमआयटीत गेला.

कोटा म्हटलं की आपल्याला राखीव जागा आठवतात. इथे अर्थ उलटा आहे. ‘अमुक लोक इतक्यांपेक्षा जास्त नकोत’ अशी ही वरची मर्यादा होती, आणि ती नियमावलीत कुठेही लिहिलेली नव्हती. न लिहिलेला नियम राबवायचा कसा, हे हार्वर्ड विद्यापीठाच्या जुन्या कागदपत्रांवरून चांगलं समजतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डला जागांची मर्यादा नव्हती. जो परीक्षा पास होईल, त्याला प्रवेश. अर्थात परीक्षेचा घाट श्रीमंतांच्या खासगी शाळांना सोयीचा होता. १९११ मध्ये हार्वर्डने नवी योजना आणली. सरकारी शाळेतल्या मुलाचं प्रगतिपत्रक चांगलं असेल, तर त्याने चारच विषयांची परीक्षा द्यायची. दार जरा उघडलं आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांची मुलं मोठ्या संख्येने आत आली. पहिल्या वर्षाच्या वर्गात ज्यू विद्यार्थी १९०० साली सुमारे ७ टक्के होते, ते १९२२ मध्ये २१ टक्क्यांच्या वर गेले.

विद्यापीठाचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लॉवेल यांना हे खुपलं. या मुलांना गुण कमी पडत होते, अशी तक्रार नव्हती. लॉवेल यांचं म्हणणं असं, की हवा खाण्याच्या ठिकाणच्या एखाद्या हॉटेलात ज्यू येऊ लागले की बाकीचे गिऱ्हाईक निघून जातं, तसं विद्यापीठाचं होईल. त्यांनी १५ टक्क्यांची मर्यादा सुचवली. १९२२ च्या जूनमध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली आणि गदारोळ झाला. मग समिती नेमण्यात आली.

समितीचं काम चालू असतानाच, त्या शरद ऋतूत प्रवेशअर्ज बदलला. वंश आणि वर्ण, धर्म, आईचं माहेरचं नाव, वडिलांचं जन्मस्थान, आणि ‘तुमच्या किंवा वडिलांच्या नावात जन्मापासून काही बदल केला आहे का?’ असे प्रश्न त्यात आले. या माहितीवरून कचेरीत विद्यार्थ्यांची तीन गटांत वर्गवारी होऊ लागली. नक्की ज्यू, बहुधा ज्यू आणि कदाचित ज्यू. पुराव्याच्या खात्रीप्रमाणे निरीक्षणांची प्रतवारी करायला आम्ही प्रयोगशाळेत शिकवतो. तीच शिस्त इथे वापरलेली पाहून अंगावर काटा येतो.

१९२३ मध्ये समितीने मर्यादेची कल्पना स्पष्ट शब्दांत फेटाळली. सोबत तिने सुचवलं, की वर्गात पहिल्या सातव्या हिश्श्यात आलेल्या मुलांना परीक्षेशिवाय घ्यावं. यातून पश्चिमेकडची आणि दक्षिणेकडची गावोगावची मुलं येतील, अशी अपेक्षा होती. ती आलीही. पण अव्वल सातव्या हिश्श्यात ज्यू मुलंही होतीच. १९२५ मध्ये त्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं.

म्हणजे गुणवत्ता मोजायची दोन मापं लावून पाहिली आणि दोन्ही वेळा नको असलेलं उत्तर आलं. तेव्हा १९२६ मध्ये मापच बदललं. पहिल्या वर्षाला एक हजारच विद्यार्थी घ्यायचे, असं ठरलं. कारण दिलं ते गर्दीचं. पण जागा मर्यादित झाल्या की पास झालेल्यांतून निवड करावी लागते, आणि निवड कशावरून करायची हे कचेरी ठरवते. आता चारित्र्य, नेतृत्व आणि व्यक्तिमत्त्व पाहायचं होतं. त्यासाठी शिफारसपत्र, मुलाखत आणि अर्जासोबत सक्तीचा फोटो. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक : चांगली’ असं सर्रास लिहिलं जातं. त्याचा कुणाला उपयोग नसेल, पण त्याने कुणाचं नुकसानही होत नाही. हार्वर्डच्या रकान्याचा उपयोग झाला. १९३३ मध्ये लॉवेल निवृत्त झाले, तोवर ज्यूंचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांना हवा होता तोच आकडा, आणि मर्यादेचा नियम मात्र कुठेच नाही.

त्याच १९२६ सालच्या जूनमध्ये सॅट ही चाचणी प्रथम घेतली गेली. ती बनवणाऱ्या कार्ल ब्रिगहॅम या मानसशास्त्रज्ञाने तीनच वर्षांपूर्वी उत्तर युरोपीय वंश बुद्धीने श्रेष्ठ असल्याचं सांगणारं पुस्तक लिहिलं होतं. १९३० मध्ये त्याने ते निष्कर्ष निराधार असल्याचं जाहीरपणे कबूल केलं. शास्त्रज्ञाने आपली चूक इतक्या उघडपणे मागे घेणं दुर्मिळच. लॉवेल यांच्यानंतर अध्यक्ष झालेले रसायनशास्त्रज्ञ जेम्स कोनंट यांनी १९३४ पासून शिष्यवृत्तीची मुलं निवडायला हीच चाचणी वापरली. सर्वसाधारण प्रवेशात व्यक्तिमत्त्वाचा रकाना मात्र टिकून राहिला.

२०१८ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयात हार्वर्डवर खटला उभा राहिला, तेव्हा हाच रकाना पुढे आला. आशियाई वंशाच्या अमेरिकन मुलांना अभ्यासात चांगली, पण ‘व्यक्तिगत गुणां’त सरासरीने कमी श्रेणी मिळत होती. खालच्या न्यायालयाला यात हेतुपुरस्सर भेदभाव आढळला नाही. पुढे २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यालाच मनाई केली. गंमत अशी, की तोवर हा विचार कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांना वर्गात जागा मिळावी म्हणूनही होत होता. निकालानंतरच्या पहिल्या वर्गात, २०२४ साली, हार्वर्डमधलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण १८ वरून १४ टक्क्यांवर आलं आणि एमआयटीत ते साधारण १३ वरून ५ टक्क्यांवर.

माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देण्याची रीत डार्टमथ आणि येलमध्ये १९२० च्या दशकातच नियमात बसवली गेली होती. तिला या निकालाने हात लावला नाही.