कलम 312 आणि केडगावचं कृपासदन

शहागंजच्या घड्याळाजवळ माझं वकिलीचं ऑफिस आहे. तिथल्या कपाटात 2024 पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेची जुनी प्रत आहे. तिच्या कलम 312 मध्ये दोन शिक्षा होत्या: गर्भपात घडवला तर तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पोटात मूल हलू लागलं असेल तर सात वर्षांपर्यंत. खालच्या स्पष्टीकरणात, स्वतःच गर्भ पाडणारी बाईही गुन्हेगार.

तीन आणि सात वर्षांमधल्या या फरकाचं मूळ फार जुनं आहे. मुलाच्या गर्भाला चाळीसएक दिवसांनी आणि मुलीच्या गर्भाला नव्वदएक दिवसांनी आकार येतो, असं ॲरिस्टॉटल मानत असे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं तोच धागा धरला: देह घडल्यावरच मानवी आत्मा येतो. त्याआधीचा गर्भपातही त्याच्या लेखी पाप होतं, मनुष्यवध मात्र नव्हे. इंग्रजी कायद्यानं ही रेघ गर्भाच्या हालचालीवर ओढली आणि 1860 च्या संहितेतून ती भारतात आली. आमचा मराठवाडा निजामाकडे होता. इथे ही संहिता 1951 साली लागू झाली. तोवर रोमनं ही रेघ कधीच पुसली होती. 1869 मध्ये पोप नववे पायस यांनी चर्चच्या शिक्षेतून हा भेद काढून टाकला.

महाराष्ट्रानं मात्र वेगळा प्रश्न विचारला. फसवल्या गेलेल्या विधवेनं जायचं कुठे? 1863 मध्ये फुले दांपत्यानं पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. तिथे गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. 1883 मध्ये ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात, समाजानं टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन चालवलं. पुढे महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीनं 1966 मध्ये अहवाल दिला आणि 1971 चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला.

मी ख्रिस्ती आहे. गर्भातला जीव मी पवित्र मानतो. पण आत्मा कधी येतो, यावर माझ्याच धर्मातल्या विद्वानांची उत्तरं शतकागणिक बदलत गेली. रमाबाईंनी त्या उत्तराची वाट पाहिली नाही, दार उघडलं. म्हणून माझ्या मंडळींना कळकळीची विनंती आहे: ज्या चर्चला अडलेल्या पोरीसाठी एक खोली, एक दाई आणि बाळासाठी दूध देता येत नाही, त्यानं तिला पापाचा उपदेश करू नये.