बोटभर माया

वणीचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला कापूस, कोळसा आणि लोकनायक बापूजी अणे आठवतात. अण्यांचा जन्म येथला, १८८० सालचा. मला मात्र आधी आठवते ती आत्याची गोधडी. सारी हयात इतिहास शिकविण्यात घालविलेल्या माणसाने गोधडीवर लिहावे, हे काहींना पोरकट वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात या गोधडीने मला जो धडा दिला, तो इतिहासाचाच होता.

गोधडीच्या पोटात जुन्या लुगड्यांचे पदर आहेत आणि चहूबाजूंनी चार-चार इंची चौकोनांची पट्टी आहे. प्रत्येक चौकोन कर्णावर दुभंगलेला. एक त्रिकोण गडद, दुसरा फिका. पावसाळ्यात उंदरांनी या पट्टीतील आठ चौकोनांची एक ओळ कुरतडली. आत्या आता नाही. दुसऱ्या कोणाच्या हाती गोधडी द्यावी असे वाटेना. म्हणून मीच सुई घेऊन बसलो.

माझा हिशेब सरळ होता. त्रिकोणाची दिसणारी बाजू चार इंच. दोन्हीकडे शिवणीत पाव-पाव इंच जाणार. म्हणजे साडेचार इंचांचे त्रिकोण कापावे. कापले, जोडले, आणि ओळ गोधडीला लावून पाहिली तो ती पावणेतीन इंचांहून अधिक तोकडी ! प्रत्येक चौकोन सुमारे तिसरा हिस्सा इंच कमी भरला होता. एक-दोन तुकड्यांत लपून जाणारी चूक आठ तुकड्यांत चव्हाट्यावर आली.

चूक कर्णाची होती. चौकोनाच्या शिवणी कडेला काटकोनात मिळतात, तेथे पाव इंच म्हणजे पाव इंचच. त्रिकोणाची तिरपी शिवण कडेला पंचेचाळीस अंशांत मिळते. तीही पाव इंचाचीच. पण कडेवर मोजू गेले तर ती पाव इंचाच्या १.४१४ पट, म्हणजे ०.३५ इंच कापड खाते. तिन्ही शिवणींची बेरीज ०.८५ इंच होते. अमेरिकेत ठिगळांच्या रजया शिवणाऱ्या बायका हाच आकडा किंचित वर नेऊन सात-अष्टमांश इंच धरतात. दोन रंगांचे पावणेपाच इंचांहून अष्टमांश अधिक असे दोन चौकोन पालथे जोडून ठेवावे, कर्ण आखावा, त्याच्या दोन्ही बाजूंनी पाव इंचावर शिवण घालावी आणि कर्णावर कापावे. दोन दुरंगी चौकोन मिळतात, आणि शिवून झाल्यावर ते बरोबर चार इंच उरतात. यात आणखी एक सोय आहे. तिरपे कापलेले, शिंप्याच्या भाषेत उरेब, कापड हातात ताणले जाते. येथे शिवण आधी पडते आणि कात्री मागून चालते, त्यामुळे कड वाकडी होत नाही.

ही १.४१४ ची पट आपल्याला नवी नाही. यज्ञवेदीच्या विटा रचणाऱ्यांना चौरसाचा कर्ण दोरीने मोजावा लागे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात त्यासाठी जे गणित दिले आहे, त्याचा अपूर्णांक ५७७ भागिले ४०८ असा येतो. खऱ्या किमतीशी त्याचा फरक दशांश चिन्हानंतर सहाव्या स्थळी पडतो. वेदीचे माप सूत्रात आले आणि टिकले. गोधडीचे माप कोठे आहे ?

आमच्या भागात कापसाचा हिशेब कोणी ठेवला नाही असे नाही. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, मँचेस्टरला कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या बोंडाला सोन्याचे दिवस आले. कापसाच्या देखरेखीसाठी सरकारने रिव्हेट-कार्नॅक नावाचा खास अंमलदार नेमला. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोचली. १८७७ च्या पहिल्या जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तेथे सुरू झाली. १९०५ पूर्वी आजच्या यवतमाळ जिल्ह्याला वणीचेच नाव होते. इंग्रजी कागदांत ते ‘वून’ असे येते. या काळाच्या कागदांत एकर आहेत, गाठी आहेत, भाव आहेत. पण तोच कापूस कापड होऊन घरी आला, विरला, आणि बाईने त्याची गोधडी केली, तेव्हा तिने किती कापड कोठे सोडले, याची ओळ मला त्यांत कधी आढळली नाही.

वाचक म्हणतील, तिला एवढे गणित करायचे कारण काय ? कारवारकडच्या रानातील सिद्दी स्त्रिया आपल्या गोधडीच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी ‘फुले’ लावतात, ती घडी घालून. घडीला कर्णाचा हिशेब लागत नाही. आपल्याकडे ओटीच्या खणाचीही त्रिकोणी घडीच असते. खरे आहे. पण आत्याचे त्रिकोण कापलेले होते, आणि तिची ओळ तोकडी पडलेली नव्हती.

मी कुरतडलेली शिवण उसवली आणि मोजपट्टी लावली. आत्याची शिवण पाव इंचाहून किंचित अरुंद होती. तेव्हा साठ वर्षांपूर्वीचे एक वाक्य आठवले. तिच्या कात्रीपाशी लुडबुडत मी विचारले होते, एवढा मोठा तुकडा कशाला ? ती म्हणाली होती, “शिवनीत कपडा जाते, बाबू. बोटभर माया ठेवा लागते.”

बोट म्हणजे जुन्या मापातले अंगुळ. चोवीस अंगुळांचा हात. हात अठरा इंचांचा धरला तर अंगुळ पाऊण इंचाचे. पाऊण इंचाला ३.४१४ ने भागावे, तर ०.२२ येतात. पाव इंचाहून किंचित अरुंद ! तिची शिवण आणि तिचे बोट एकमेकांना धरून होते. १९५६ च्या कायद्याने मीटर आला, दुकानातला वार गेला. आत्याचे बोट मात्र कोणत्याच कायद्याच्या कक्षेत आले नाही.

शिवणीत गडप होणाऱ्या कापडाला शिंपी माया म्हणतात. मी तो शब्द लहानपणी ऐकला, पण माप म्हणून ऐकला नाही. आम्ही इतिहासाची माणसे लिहिलेले तेवढे खरे धरतो. बोलता बोलता सांगितलेले आकडे आमच्या समोरून निघून जातात.

मी पुन्हा त्रिकोण कापले. या वेळी पट्टी बाजूला ठेवली, चार इंचांच्या पुढे बोट टेकले आणि खूण केली. शिवणही तिच्याएवढीच अरुंद घातली. माझे टाके वाकडे आहेत, नव्या छिटाचा रंग जुन्याशी जुळत नाही. पण आठांची ओळ दोन्ही टोकांना बरोबर बसली. माझ्या नातीने विचारले, किती कापड जास्त घेतलेत ? मी तिला बोट दाखविले, आणि नंतर वहीत आकडाही लिहून दिला.