तुकोबांच्या पुलावरून गेलेला शिष्य



उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये आमचे एकादशीचे भजन असते. जवळच सिंधी बांधवांचा दरबार आहे. तिथल्या गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवरायांची ६१ पदे आहेत, आणि 'शीख' म्हणजे तरी काय, शिष्यच! मागच्या एकादशीला नुकतीच माळ घातलेल्या एका मुलाने विचारले, "ख्रिस्ती लोकही स्वतःला येशूचे शिष्य म्हणवतात. त्यांना काय सोडावे लागते?" त्याच्या घरी माळेवरून अबोला चालू होता, म्हणून प्रश्न मनाला लागला.

येशूचे पहिले शिष्य कोळी होते, एक जकातदार होता. हाक आली तशी जाळी टाकून, नाका सोडून ते मागे चालू लागले. 'ख्रिस्ती' हे नाव त्यांना पुढे अंत्युखियात मिळाले. त्या काळी त्यांच्या पंथाला नुसते 'मार्ग' म्हणत. वाट चालणाऱ्या वारकऱ्याला हे वेगळे समजावून द्यायला नको.

आपल्याकडचे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. जन्म १८६१, कोकणातल्या ब्राह्मण घरात. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असे ते सांगत. पूल ओलांडायची गरज होती का, हे मला आजही पटलेले नाही. पण त्या माणसाच्या तळमळीवर मी शंका घेणार नाही.

शिष्य झाले टिळक, पण किंमत आधी मोजली ती लक्ष्मीबाईंनी. नवरा असून त्या एकट्या झाल्या. सोवळेओवळे कडक, जातीचा धाक, लोकांची बोलणी. त्या दिवसांत काही काळ त्या नातलगांकडे राहिल्या, कुठे, तर पंढरपुरात! विठोबाच्या गावात ही बाई नवऱ्यासाठी झुरत होती. 'स्मृतिचित्रे' वाचा, माउली. हसू आणि रडू एकाच पानावर येते. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण मनातला जातिभेद स्वतःच्या वाटेने झिजवून मगच. आपल्या बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानले तेव्हा घरात मार खाल्ला होता, त्याची आठवण होते.

टिळकांना मात्र पुढे वेगळीच टोचणी लागली. मिशनच्या पगारावर राहून शिष्यपण कसे होणार? १९१७ साली, वय छप्पनच्या घरात, त्यांनी पगार सोडला, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यात राहून 'देवाचा दरबार' सुरू केला. तिथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही येशूचे शिष्य म्हणून एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. चर्चच्या वहीत नाव आहे की नाही, याला तिथे पहिला मान नव्हता. आज चर्चच्या वहीत काय किंवा दिंडीच्या यादीत काय, नाव घालणे सोपे झाले आहे. मीही यादीतलाच, म्हणून हे लिहिताना हात थोडा अडखळतो.

दरबाराला दोन वर्षेही झाली नव्हती. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते पुढे लिहायला बसल्या लक्ष्मीबाई.

हे सारे त्या मुलाला सांगितले. तो गप्प बसला. मग विचारू लागला, "त्या पंढरपुरात होत्या तेव्हा टिळकांनी काय करायला हवे होते?" मला उत्तर आले नाही. टाळ ठेवून तो त्या रात्री लवकर घरी गेला.