फ्रीजरमधल्या स्वॅबनी सांगितलेली गोष्ट: सिएटल, फेब्रुवारी २०२०

२०२० चा फेब्रुवारी आठवतोय? आपल्याकडे लॉकडाऊन हा शब्दही अजून कुणाच्या तोंडी नव्हता. आजची गोष्ट त्याच महिन्यातली, पण अमेरिकेतल्या सिएटल शहराची.

अमेरिकेतला कोरोनाचा पहिला रुग्ण २१ जानेवारीला जाहीर झाला. वुहानहून परतलेला हा माणूस सिएटलच्या उत्तरेला स्नोहोमिश काउंटीत राहायचा. त्याला वेगळं ठेवलं, तो बरा झाला. पुढे कित्येक आठवडे त्या भागात नवा रुग्ण सापडला नाही. वाटलं, सुटलो!

पण रुग्ण सापडत नव्हते, कारण कुणी शोधतच नव्हतं. टेस्ट कुणाची करायची? तर चीनहून आलेल्याची किंवा माहीत असलेल्या रुग्णाच्या संपर्कात आलेल्याची. त्यात सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने पाठवलेल्या किटमध्ये बिघाड निघाला. आता विचार करा, कुठेही न गेलेल्या माणसाला शहरातच लागण झाली, तर या नियमात तो दिसणार कसा?

याच शहरात २०१८ पासून ‘सिएटल फ्लू स्टडी’ नावाचा प्रकल्प चालू होता. सर्दी-खोकला झालेल्या लोकांच्या नाकातले स्वॅब गोळा करायचे आणि फ्लू शहरभर कसा पसरतो ते बघायचं. म्हणजे ज्यांच्याकडे सरकारी नियम बघत नव्हता, नेमके त्याच लोकांचे नमुने इथे साठलेले होते. प्रकल्पातल्या डॉक्टर हेलन चू यांनी हे नमुने कोरोनासाठी तपासायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. कारणं दोन. लोकांनी स्वॅब दिले होते संशोधनासाठी, आणि रुग्णाला रिपोर्ट द्यायला लागतं ते प्रमाणपत्र या लॅबकडे नव्हतं.

हे नियम उगाच केलेले नाहीत, बरं का. तुम्ही एका कामासाठी दिलेला नमुना तुम्हाला न विचारता दुसऱ्याच कामासाठी वापरला, तर चालेल? आणि कच्च्या लॅबचा चुकीचा रिपोर्ट हातात पडला तर? पण दुसऱ्या बाजूला अख्खं शहर होतं.

२५ फेब्रुवारीला टीमने परवानगीशिवाय तपासणी सुरू केली. काही दिवसांतच एक नमुना पॉझिटिव्ह आला. तो होता एका शाळकरी मुलाचा, आणि त्याने कुठेही प्रवास केलेला नव्हता. आता गप्प बसणं शक्यच नव्हतं. टीमने आरोग्य खात्याला कळवलं आणि त्या मुलाची शाळा बंद झाली.

मग आले ट्रेवर बेडफर्ड. ते विषाणूंच्या वंशावळी अभ्यासतात. या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे ३०,००० अक्षरांचा. नकला होताना महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलतात, त्यामुळे फरक मोजला की काळाचा अंदाज येतो. मुलाच्या नमुन्यातला विषाणू पहिल्या रुग्णाच्या विषाणूचा वंशज वाटत होता. म्हणजे संसर्ग कित्येक आठवडे गुपचूप पसरत होता! बेडफर्ड यांनी हे २९ फेब्रुवारीला जाहीर केलं. त्याच दिवशी सिएटलजवळच्या एका रुग्णाच्या मृत्यूची बातमी आली. तेव्हा तो अमेरिकेतला पहिला कोविड मृत्यू मानला गेला.

आणि टीमचं काय झालं? मार्चच्या सुरुवातीलाच त्यांना तपासणी थांबवायला सांगण्यात आलं.

गोष्टीला पुढे एक वळण आलं. त्याच वर्षी आणखी जीनोम तपासल्यावर दिसलं, की ही साखळी बहुधा पहिल्या रुग्णापासून सुरूच झाली नव्हती. विषाणू जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला वेगळ्या वाटेने शहरात आला होता. म्हणजे पहिल्या रुग्णाला वेगळं ठेवणं बहुधा वाया गेलं नव्हतं. विषाणू दुसऱ्या दाराने आला, आणि त्या दारावर पहारा नव्हता. आठवड्यांचा हिशोब थोडा बदलला, पण छुपा प्रसार खराच ठरला.

म्हणून मला वाटतं, सिएटलचा धडा ‘नियम मोडा’ असा नाही. साठवलेले नमुने कोणत्या प्रसंगी, कुणी आणि कशासाठी तपासायचे, हे साथ येण्याआधी ठरवून ठेवायचं. स्वॅब देणाऱ्याला तेव्हाच विचारायचं, ‘उद्या नवा आजार आला, तर यात तो शोधू का?’ बहुतेक जण हो म्हणतील. पण हा प्रश्न ऐन साथीत विचारायला वेळ नसतो.

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!